चाचांच्या पट्ट्या

"चारी कोपरे आले?" संगणक सुरू झाला की चाचा आधी पडद्यालाच विचारायचे. मग एका बोटाने पडद्याचा एकेक कोपरा वाजवायचे आणि "आले" असं स्वतःच उत्तर देऊन खुर्ची पुढे ओढायचे. तोवर कोणी हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, असते एकेकाला सवय. तुमच्याही ऑफिसात असेल असं कोणीतरी, टेबलाला नमस्कार केल्याशिवाय न बसणारं.

रत्नागिरीत आमचं घरांचे नकाशे करणारं छोटं ऑफिस आहे. चाचा तिथल्याच मिरकरवाड्याचे, कोळ्यांच्या बंदरावरचे. उमेदीची वर्षं आखातात नकाशे काढण्यात घालवून ते परत आले आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसले. मला ते पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणायचे.

नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ, वर्तुळ, मापं, खोडणं अशा प्रत्येक कामाचं एक बटण असतं. ही बटणं पट्ट्यांवर बसवलेली असतात. पट्ट्या हव्या तर दिसतात, नको तर लपवता येतात, ओढून कुठेही लावता येतात. आम्ही बाकीचे त्या असतील तशा वापरायचो. चाचांच्या पट्ट्या मात्र ठरलेल्या. डावीकडे रेघांची, उजवीकडे मापांची, वर बाकीच्या. रोज सकाळी त्या जागेवर आहेत की नाही हे बघूनच काम सुरू व्हायचं.

"हत्यारं हाताशी हवीत, बाय. शोधत बसलीस की डोक्यातली रेघ गेली. माझा बाप जाळं विणायचा ना, सुई डाव्या मांडीशी, दोरा उजव्या. कोणी हलवला की अख्खी गल्ली त्याच्या शिव्या ऐकायची."

एकदा गंमत म्हणून मी त्यांची मापांची पट्टी लपवली. चाचांनी मान न वळवता म्हटलं, "उद्या सुरमई आणणार होतो. आता विसर." मी तिथल्या तिथे पट्टी परत आणून दिली.

मग त्या पट्ट्या सरकायला लागल्या. आधी कडेपासून बोटभर आत आल्या, मग चांगल्या वीतभर. होता होता सगळ्या नकाशाच्या मधोमध येऊन बसल्या आणि नकाशा दिसेनासा झाला. मी म्हटलं, "चाचा, मधेच मासळीचा लिलाव मांडलात की काय? घर कुठे काढणार?"

एरवी यावर त्यांनी मला चार शब्द ऐकवले असते. त्या दिवशी हसले नाहीत. चहाला म्हणून मला जिन्यात घेऊन गेले.

"काचबिंदू हाय, बाय. कडेचं सगळं गेलं. नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणतो, गेलेलं परत येत नाय." त्यांनी कप कठड्यावर ठेवला तो अर्धा बाहेर राहिला, मी पटकन धरला. "सायबांना सांगू नको. हे काम गेलं तर घरात बसून मी काय करू? मला दुसरं येतं काय?"

मी नाही सांगितलं. मला त्यांची इतकी दया आली, आणि ती त्यांना दिसू नये म्हणून मी चहा गरम आहे, चहा गरम आहे असं काहीतरी बडबडत राहिले.

पुढे ऑफिसात नवे संगणक आले. हातभर रुंद पडदे आणि सॉफ्टवेअरही नवं. सकाळी चाचा बसले, कोपरे वाजवायला गेले तर कोपरे दूर गेलेले. आणि पट्ट्या नाहीतच. वरती कडेला एकच लांबलचक फळी आणि तिच्यात सगळी बटणं दडवलेली. चाचा मान डावीकडून उजवीकडे फिरवत राहिले. हरवलेलं मूल जत्रेत शोधावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. "बाय," ते हळूच म्हणाले, "माझी हत्यारं कुठं गेली गो?"

मी जुना मेनू शोधून काढला. त्यातून एक नवी पट्टी तयार केली, त्यांना लागतात तेवढीच बटणं तिच्यावर घातली, चित्रं मोठी केली. त्यांनी ती स्वतः ओढून मधोमध लावली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, निभावलं.

नाही निभावलं. गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर एका लॉजचं काम होतं. जागेत जुनी विहीर होती आणि नकाशात ती नेमकी चाचांच्या पट्टीखाली गेली. चाचांनी शौचालयाचा शोषखड्डा थेट विहिरीला लागून काढला. गवंड्याचा फोन आला म्हणून बरं, अजून कातळ फोडला नव्हता.

साहेब नकाशा घेऊन बाहेर आले. "चाचा, ही विहीर दिसली नाही का तुम्हाला?" ते आपलं सहज बोलले, आपण कोणालाही बोलतो तसं. चाचा कागदावर वाकले. वास घेतल्यासारखा चेहरा कागदावरून फिरवत गेले. आम्ही सगळे बघत होतो.

"दिसली," शेवटी ते म्हणाले. "आता दिसली."

मग सरळ उभे राहिले आणि सगळं सांगून टाकलं. "पण मला काढू नका, सायब. मोठं काम नको. खिडक्या द्या, दारं द्या. एकेक. मधोमध मावेल एवढंच काढीन मी." खिडकीचं माप दाखवायला त्यांनी दोन्ही हात तोंडासमोर धरले होते.

साहेब नकाशाची घडी घालू लागले. "थोडे दिवस आराम करा, चाचा. मग बघू." त्याचा अर्थ चाचांनाही कळला.

जाण्याआधी ते परत टेबलाशी बसले. मला शेजारी बसवलं आणि पट्टीवरचं एकेक बटण काढायला लावलं. "रेघ काढ. वर्तुळ काढ. माप काढ." पट्टी रिकामी झाली, तीही बंद झाली.

"कशाला, चाचा? राहू दे ना."

"उद्या इथं बसेल त्याला नकाशा दिसायला हवा." पडद्याकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "आता काय दिसतं तुला?"

"काही नाही. कोरा पडदा आहे."

"हां. मलाही तोच."

मग निघताना, सकाळी करायचे तसे, ते कोपरे वाजवू लागले. तीन सापडले. चौथ्यासाठी त्यांचं बोट जुन्या पडद्याच्या मापाने गेलं आणि कोपऱ्याच्या अलीकडेच काचेवर टेकलं. त्यांनी तिथे दोनदा चाचपलं. मी त्यांचा हात धरला आणि तिथून कोपऱ्यापर्यंत नेला.