काकांच्या झोपेची तपासणी

शेजारचे काका बस चालवतात आणि बोलता बोलता, भाजीची पिशवी हातात असतानाच, डुलकी घेतात. झोपेत त्यांचा श्वास अडकतो का, हे तपासायला डॉक्टरांनी एका रात्रीपुरतं मशीन घरी दिलं. बोटाला चिमटा, नाकाशी नळी, छातीला पट्टा. आजार निघाला तर ड्युटी जाईल, ही काकांची धास्ती.

सकाळी ते फाटकाशी खुशीत भेटले.

"पोरी, मशीनले बराबर गंडवलं! रातभर डोळाच नाही लावला. आता काय सापडते त्याले?"

"मग आज सुट्टी?"

"सुट्टी कायले? पुसदची गाडी हाये ना. तुले बी जायचं हाये न? चाल, पुढची सीट देतो."

मी एरवी कुणाशी फारसं बोलत नाही. त्या दिवशी पुसद येईपर्यंत काकांना प्रश्नावर प्रश्न विचारत राहिले.