नाव न सांगता दिलेला जबाब

अगं, कान जरा इकडे कर. येते येते म्हणतेस आणि येत नाहीस, म्हणून हे लिहायची वेळ आली — लालबाग काय परदेशात आहे? असू दे. परवापर्यंत हे माझ्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं.

शेजारच्या सुनंदाचा मोहन गणपतीच्या आधीपासून तुरुंगात आहे. खटला नाही, शिक्षा नाही. पुढे काही करेल म्हणून आधीच आत — तसा कायदा आहे. मोहन काही साधू नाही, मारामारीच्या केसेस आहेत त्याच्यावर. पण त्यासाठी कोर्ट होतं ना?

मी पोलीस ठाण्याच्या महिला दक्षता समितीवर. त्याचा मला केवढा तोरा, तुला ठाऊकच आहे. मोहनबद्दल विचारायला साहेबांनी बोलावलं, चहा दिला, म्हणाले, "मावशी, जबाब गुप्त राहील. नाव कुठे येणार नाही." नाव येणार नाही म्हटल्यावर जीभ किती सैल सुटते — मला तेव्हा कळलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात मी गॅलरीतल्या कॅरमवरून ओरडले, तर मोहन सगळ्यांदेखत मला चोंबडी म्हणाला होता. ते मनात होतं.

मी सांगितलं, त्याने मला जिन्यात चॉपर दाखवला.

चॉपर नव्हताच गं. साहेबांनीही सुचवला नव्हता. मीच घातला.

मग सुनंदा रडायला माझ्याकडेच. "वकील म्हणतो, कोणीतरी साक्षीदार 'अ' आहे. कोण गं हा मेला?" मी तिला पाणी दिलं. आणि काय म्हणाले असेन? म्हणाले, देव बघून घेईल.

परवा होळीला ती पुरणपोळी घेऊन आली. मोहनला आवडते, पण त्याच्यापर्यंत पोचत नाही — म्हणून मला. पोळी ताटात परत ठेवली. सांगून टाकलं तिला. मला वाटलं, आता मारते. तर म्हणाली, "चप्पल घाल. वकील सातला ऑफिस बंद करतो."

नावानिशी सगळं लिहून दिलं. खोट्या जबाबाबद्दल माझ्यावर केस होऊ शकते, वकील म्हणाले. होऊ दे. हायकोर्टात मोहनची तारीख पुढच्या आठवड्यात आहे, आणि आता त्याला आत ठेवायचा हुकूम टिकणं कठीण, असंही म्हणाले. आज सुनंदाने त्याची गोधडी धुऊन गॅलरीत वाळत घातलीय.

माझ्याशी ती बोलत नाही. तू ये लवकर. आधी तिच्याकडे जा, मग माझ्याकडे.