वाखोव्याकांच्या आडनावाचा किडा

आम्ही पोझनान शहरातली माणसं खर्चाच्या बाबतीत हात आखडता घेतो, हे मान्य. पण आमच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट सढळ हाताने वाटली जायची. किड्यांना माणसांची नावं. पक्ष्यांच्या पिसांत राहणारे, आठ पायांचे, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढे दिसणारे जीव. आम्ही त्यांना पिसकिडे म्हणतो. नवा सापडला की त्याला स्वतःचं नाव द्यायचं नाही, एवढी लाज आमच्या धंद्यात अजून शिल्लक आहे. मग मी तुझं देते, तू माझं दे. संचालकांच्या नावाचे चार, त्यांच्या बायकोच्या नावाचा एक, पक्षी धरायला जाताना गाडी चालवणाऱ्या मार्चेलीच्या नावाचाही एक. माझाही आहे, एका गाणाऱ्या पक्ष्याच्या शेपटीत. दिसायला माझ्यापेक्षा बरा आहे.

डॉक्टर बोगुमिल वाखोव्याक यांच्या नावाचा मात्र एकही नव्हता. कारण त्यांची जीभ. कोणीही कौतुकाने आपलं चित्र दाखवायला आणलं की हे आधी किड्याच्या पायावरचे केस मोजायचे आणि एक कमी काढलाय म्हणून सांगायचे. असल्या माणसाचं नाव कोण अजरामर करणार? "मला नाही हो त्याची हौस," असं ते म्हणायचे, आणि नियतकालिकाचा नवा अंक आला की सगळ्यात आधी नव्या नावांचं पान उघडायचे. मी शेजारच्याच टेबलावर बसते. हौस नसलेली माणसं कशी दिसतात, ते मला ठाऊक आहे.

वर्षअखेरीला ते निवृत्त व्हायचे होते. तेवढ्यात एका परदेशी नियतकालिकाने त्यांच्याकडे एक लेख तपासायला पाठवला. लिहिणारी यागोदा शुल्त्स, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता व्रोत्सवाफला शिकवते. टांझानियातल्या चष्मेवाला नावाच्या पक्ष्याच्या पंखात तिला पिसकिडा सापडला होता, आणि तो नुसती नवी जाती नव्हता, नवी प्रजाती होता. जाती म्हणजे पाळण्यातलं नाव समजा आणि प्रजाती म्हणजे आडनाव, अख्खं घराणं. घराण्याचं आडनाव तिने ठेवलं होतं 'वाखोव्याकिया'. ज्याचा सत्कार करायचा त्यालाच परीक्षक नेमायचं नसतं. संपादकांनी लेख वाचला असता तर त्यांना ते दिसलं असतं. पण संपादकच लेख वाचायला लागले तर परीक्षकांनी काय करायचं?

"लुड्विनाबाई, जरा इकडे येता का?" डॉक्टरांनी हाक मारली. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

मी वाचलं. "अहो डॉक्टर, घराणं! संचालकांनासुद्धा घराणं नाही मिळालेलं!"

"चित्र छान काढलंय तिने," ते म्हणाले.

या माणसाच्या तोंडून कधी कोणाच्या चित्राचं कौतुक ऐकलं नव्हतं. त्यांनी कपाटातून एक जुनी काच काढली, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि मला बघायला लावलं. जाडजूड, फुगलेल्या तिसऱ्या पायाचा नर. यागोदाने ज्या पायाच्या जोरावर नवं घराणं उभं केलं होतं, हुबेहूब तोच पाय. या किड्यांत एखादाच नर असा थोराड निपजतो, बाकीचे भाऊ साधेसुधे. म्हणजे घराणं जुनंच. आणि त्या घराण्याला तरुणपणी वाखोव्याकांनीच आपल्या साहेबांचं, प्रोफेसर प्लुचिन्स्कींचं, नाव दिलं होतं. साहेबांनी आभार मानायचे सोडून फक्त एवढंच विचारलं होतं, "एवढासाच?"

"मग द्या की मान्यता," मी म्हटलं. "कोणाचं काय जातंय? त्या पक्ष्याला कळणार आहे?"

"चुकीचं आहे हो ते."

"चुकीचं तर आपलं निम्मं कपाट आहे. बरं, तपासायलाच नकार द्या. दुसरा कोणीतरी मान्य करेल, तुमच्या माथी काही नाही."

"दुसऱ्याला तो पाय ओळखू येणार नाही."

"अहो, तेच तर म्हणतेय मी!"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या चहात फॉर्मलिन ओतलं. मग आठवडाभर रोज सकाळी तो लेख उघडायचे, फक्त मथळा वाचायचे आणि बंद करायचे. शुक्रवारी संपादकांना कळवून टाकलं. नवी प्रजाती नाही, छापू नये. परीक्षकाचं नाव लेखकाला कळवत नाहीत, तेवढं बरं. मला संताप आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाच्या दिवशी, यागोदा रोगालांचा, म्हणजे पांढरी खसखस भरलेल्या चंद्रकोरी गोड पावांचा, खोका घेऊन आली. डोळे सुजलेले.

"डॉक्टर, छापून आल्यावरच तुमच्या हातात ठेवणार होते. तुमच्या नावाची प्रजाती होती हो! कुठल्यातरी गाढवाने हाणून पाडली."

"असतात अशी माणसं," रोगालचा तुकडा मोडत डॉक्टर म्हणाले.

"तो जळतो तुमच्यावर."

"जळतही असेल."

मी चहा ओतायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

"पण मी नाही सोडणार," यागोदा म्हणाली. "एक नियतकालिक आहे, पैसे भरले की काहीही छापतं. तुमच्या निरोपसमारंभाच्या आत 'वाखोव्याकिया' जगात येते की नाही बघा!"

आता काहीच करायचं नव्हतं. नकार देऊन झाला होता, काम चोख झालं होतं, कोणाला काही कळलंही नव्हतं. नुसतं तोंड मिटून रोगाल खायचा होता. मी वळून त्यांच्याकडे डोळे वटारले. गप्प बसा हो, एकदा तरी गप्प बसा!

त्यांनी तुकडा खाली ठेवला. "नको पाठवूस, यागोदा. ते गाढव मीच."

यागोदाने टेबलावरचा खोका दोन्ही हातांनी उचलला. मला वाटलं, आता डोक्यातच घालते.

"डॉक्टर," ती म्हणाली, "आयुष्यात कोणी काही देतंय तर एकदा तरी घ्यायचं होतंत."

"घ्यायचंच होतं गं मला," डॉक्टर म्हणाले. "आठवडाभर घेत होतो. पण तो किडा प्लुचिन्स्कींचा आहे."