दोन दगडांवरचा अर्ज

अर्ज लिहून घेणार : एक सेवानिवृत्त कामगार, राहणार मानपाडा, डोंबिवली पूर्व, आणि त्यांची सून. ज्याच्यासाठी अर्ज : सदर कामगाराचा मुलगा, सदर सुनेचा नवरा, तेलवाहू जहाजाच्या इंजिनावरील मोटरमन, सध्या आखातातील एका देशाच्या ताब्यात. दिनांक : घटस्थापनेच्या आधीचा सोमवार. स्थळ : कल्याण, तहसील कचेरीबाहेरील माझे अर्ज लिहिण्याचे टेबल. साक्षीदार : शेजारचा झेरॉक्सवाला आणि मी स्वतः. नावे देत नाही. माणूस अजून परक्याच्या हाती आहे, आणि नाव छापल्याने त्याचे भले होईल असे मला कोणी लिहून दिलेले नाही.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. तथापि अग्रलेख मी रोज वाचतो, आणि परराष्ट्र धोरण हा माझ्या विशेष अभ्यासाचा विषय आहे. खडवलीहून सकाळी कचेरीवर आलो की चहाच्या टपरीवर मी वर्षानुवर्षे एकच मत मांडत आलो : आपला देश ना लहान, ना महासत्ता, अशा मधल्या देशाने एक बाजू धरावी आणि तिच्याशी इमान राखावे. टपरीवर या मताला विरोध असा कधी झालेला नाही.

त्या सोमवारी मात्र विषय टपरीवरून उठून माझ्या टेबलासमोरच्या बाकावर येऊन बसला.

प्रकरण असे. जहाज सामुद्रधुनीतून निघाले असता किनाऱ्यावरच्या देशाने ते अडवले. त्यातील तेल चोरीचे आहे, असा त्यांचा आरोप. जवळच एका महासत्तेच्या युद्धनौका उभ्या होत्या, आणि त्या महासत्तेची इच्छा होती की आपणही तिच्याबरोबर तेथे गस्त घालावी. आपल्याला तेल लागते एकाचे आणि तोफा लागतात दुसऱ्याच्या. आपल्या सरकारने ‘चिंता व्यक्त केली’ आणि दोन्ही देश आपले मित्र असल्याचे सांगितले.

“चिंता व्यक्त केली म्हणे!” सासरे बाकावर हात आपटून म्हणाले. “चिंता माझी बायकोपण करते, देवासमोर बसून. तिला कोणी मंत्री केलंय का?”

“पप्पा, हळू. लोक बघतायत.”

“बघू देत ना! वकीलसाहेब, तुम्ही कडक लिहा. एकदम कडक.”

मी वकील नाही. पण पक्षकाराचा आदर खोडून काढणे मला योग्य वाटत नाही. मी कडक मसुदा केला. ‘तीव्र निषेध’ हे शब्द पहिल्याच ओळीत घातले. वाचून दाखवला तेव्हा झेरॉक्सवाल्याने मशीन थांबवून ऐकला.

“आता खाली प्रत टाका,” सासरे म्हणाले. “त्या युद्धनौकावाल्यांच्या वकिलातीला. ते एकदा ओरडले की हे सोडतील.”

येथे वाचकांस आमच्या व्यवसायातील एक बाब सांगणे आवश्यक आहे. अर्जाच्या पोटात काय लिहिले हे साहेब नंतर वाचतो. आधी तो तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ कोणाकोणाला गेली ते पाहतो. प्रत म्हणजे बाजू. कोलशेतला दोन मोठ्या संकुलांच्या मध्ये एक जुनी सोसायटी आहे. तिचे पाणी एका संकुलातून येई, रस्ता दुसऱ्यातून जाई, आणि त्या दोघांत वैर. पाण्याच्या साध्या तक्रारीची प्रत तिच्या चेअरमनने हट्टाने दुसऱ्या संकुलाला धाडली. येत होते तेही पाणी आटले. आणि ज्याला प्रत धाडली त्याने काय केले? ‘मिळाली’ म्हणून सही दिली.

हे मी सासऱ्यांना सांगितले. तरीही माझे मत त्यांच्याच बाजूने होते, हेही सांगितले.

सून इतका वेळ पर्सचा पट्टा पिळत होती. ती म्हणाली, “काका, तो निषेध काढा. आणि प्रत कोणालाच नको.”

“अगं, नवरा अडकलाय तुझा!”

“म्हणूनच सांगतेय. परवा फोनवर काय म्हणाले ते? तिथला पहारेकरी यांच्याकडून आल्याचा चहा करून घेतो. रोज त्यांच्यातच उठबस आहे ह्यांची. आपण इथून शिव्या दिल्या तर त्या ह्यांना खाव्या लागतील, आपल्याला नाही.”

“मग काय, सरकारसारखं दोघांना मित्र म्हणायचं? दोन दगडांवर पाय ठेवणारा बुडतो, सूनबाई. म्हण आहे.”

“गावच्या व्हाळात बुडालात का कधी?”

व्हाळ म्हणजे त्यांच्या गावचा ओढा. सासऱ्यांनी बाकावरचा हात उचलून मांडीवर घेतला.

“पावसाळ्यात वाडीतून देवळात कसे जाता पप्पा? दगडांवरूनच ना? एक पाय ह्याच्यावर, एक त्याच्यावर. एकाच दगडावर दोन्ही पाय ठेवले तर तिथेच उभे राहाल, पाणी उतरेपर्यंत.”

“तो शेवाळलेला असला मग?”

“मग बघून पाय टाकायचा. ओरडून नाही.”

झेरॉक्सवाला हसला. सासऱ्यांनी त्याच्याकडे रागाने पाहिले, मग स्वतःच म्हणाले, “हिच्या सासूनं शिकवलंय हिला.”

मी कागद फाडला नाही. कागद फाडणे आमच्यात अशुभ मानतात. नवा घेतला. ‘निषेध’ गेला, ‘सदर खलाशाचा कोणत्याही देशाशी वाद नाही’ हे वाक्य आले. सरकारने दोन्ही देशांशी बोलणे चालू ठेवून माणूस घरी आणावा, एवढेच मागितले. मी आयुष्यात लिहिलेल्या अर्जांतील हा सर्वांत मवाळ, आणि तो लिहिण्यास सर्वांत जास्त वेळ लागला. शिवी एका बैठकीत लिहिता येते. ज्याच्या हाती आपला माणूस आहे त्याला न दुखवता आणि आपली मानही न वाकवता वाक्य रचणे, हे काय काम आहे ते मला त्या दिवशी कळले. ‘चिंता व्यक्त केली’ असे लिहिणाऱ्या दिल्लीतील एखाद्या कारकुनाविषयी त्या दिवसापासून मी टपरीवर जपून बोलतो. दोघांनी सह्या केल्या, सासऱ्यांनी जरा दाबूनच.

पोच आली. अर्ज विचाराधीन आहे. मध्यंतरी तीन खलाशांना सोडले. त्यात हा नव्हता. त्या दिवशी सासरे एकटेच आले. बसले नाहीत.

“साहेब, आता तरी पाठवायची का प्रत?” आवाज अगदी खाली होता.

माझे जुने मत जिभेवर आले होते. मी म्हणालो, “तीन सुटले म्हणजे पलीकडचा काठ आहे. तुमचा माणूस अजून मधल्या दगडावर आहे. आता धक्का नको.”

ते मान हलवून गेले. मी बरोबर बोललो की चूक, हे मला आजही ठाऊक नाही. चुकलो असेन तर त्याची किंमत मी भरणार नाही, मानपाड्यातले ते घर भरेल.

सबब, मेहरबान परराष्ट्र खात्याच्या साहेबांस नम्र विनंती की, देशाने कोणाची बाजू घ्यावी याविषयी खाली सही करणाराचे आता काहीही म्हणणे नाही. आपण सावकाश, बघून पाय टाकावा. मात्र पलीकडे पोहोचल्यावर सदर घरी एका ओळीचे उत्तर तातडीने द्यावे : तुमचा माणूस निघाला आहे.

प्रत माहितीसाठी : कोणासही नाही.