बद्द वाजलेलं पातं

मामाचा एक सुरा माझ्या स्वयंपाकघरात आहे. हातभर लांब, काळपट. कुणी त्याला अडगळ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

मामा असे मोठे सुरे बनवायचा. सुट्टीत मी त्याच्या भट्टीवर पडीक असायचे. गोष्टी सांगणं त्याला जमत नव्हतं, पण पोलादावर तासभर बोलायचा. स्टेनलेसला गंज नाही, पण धारही टिकत नाही. “गोरागोमटा जावई, कामाच्या नावाने शंख!” जुन्या कानशीचं पोलाद धारेला कडक, पण आडवा दणका बसला की दोन तुकडे. खरं पोलाद ट्रकच्या कमानीच्या पाट्यांचं. जन्मभर ओझं वाहून पुन्हा सरळ होणारं. बाजारातल्या सुऱ्याचं पातं मुठीत शिरलं की उंदराच्या शेपटीएवढं उरतं, वर लाकूड असतं म्हणून कुणाला कळत नाही. मामाचं पातं मुठीच्या टोकापर्यंत तेवढंच रुंद असायचं.

शेवटची परीक्षा कानाची. तापवून पाणी दिलेलं पातं दोरीला टांगून तो हातोडीने टिचकी मारायचा. खणखणीत वाजलं तर मूठ बसायची. बद्द वाजलं तर आत चीर, पातं मोडीत. “न ऐकलेलं पातं या दारातून जाणार नाही. ऐकू येईनासं झालं की भट्टी बंद,” हे तो आल्यागेल्याला ऐकवायचा. मामी दारातल्या स्टुलावर भाजी निवडत म्हणायची, “लोखंडाचं सगळं ऐकतात. माझं मात्र या कानाने घेतात, त्या कानाने सोडतात.”

लग्नानंतर एकदा गेले तेव्हा मामीने मला बाजूला घेतलं.

“हल्ली मी म्हणेन त्याला हो म्हणतात गं. तेव्हाच ओळखलं मी, यांचे कान गेले.”

“डॉक्टरांना दाखवलंत?” मी विचारलं. ती आपलंच बोलत राहिली.

घणाने मामाचे कान खाल्ले होते. तरी भट्टी चालू होती, कारण टिचकी मारली की आता तो मामीच्या तोंडाकडे बघायचा. तिने मान डोलावली की पातं पास. मला मेलीला ते फार गोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी झाडं छाटणारा आला. कमरेला दोर बांधून तीन मजले उंच फांदीवर चढणारा माणूस. मामाने त्याच्यासाठी घडवलेलं पातं टांगलं, टिचकी मारली.

बद्द. मला स्वच्छ ऐकू आलं. मामीने हसून मान डोलावली.

“मामी, बद्द वाजलं!” मी तिच्या पाठीमागून ओरडले. ती वळलीसुद्धा नाही.

मामा मूठ बसवायला घेणार, तोच मी पातं हिसकावलं, व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि सगळा जोर लावून वाकवलं. ते कटकन तुटलं. आत काळी चीर होती.

मामाने तुकड्यांकडे पाहिलंच नाही. तो मामीकडे बघत होता.

“तुलाही?”

“काय?”

“तुलाही ऐकू येत नाही?” तो ओरडला.

“मग चाळीस वर्षं मी कुठे बसले होते?” मामीही तितक्याच मोठ्याने ओरडली. “तुमचा हात चुकेल असं मला वाटलंच नाही हो. आणि भट्टी बंद झाली असती, तर सकाळी तुम्ही उठला असता कशासाठी?”

झाडं छाटणारा घाम पुसत उभा होता. मामाने भिंतीवरचा आपला जुना सुरा काढून त्याला दिला. “हा माझ्या कानाने ऐकलेला आहे,” म्हणाला. मग बादलीभर पाणी त्याने भट्टीवर ओतलं. खरं बोलले ते मीच, आणि त्या क्षणी मला माझाच राग आला.

वाफ विरल्यावर तो घरात जाऊन लग्नाच्या वर्षी मामीसाठी बनवलेला सुरा घेऊन आला. मूठ तिच्या हातात दिली आणि पात्यावर हातोडीने हलकेच टिचकी मारली.

“वाजलं?” त्याने तिच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं.

मामीने डोळे मिटून मूठ घट्ट धरली होती. पात्याची थरथर मुठीतून पार तिच्या कोपरापर्यंत गेली असणार.

“वाजलं,” ती म्हणाली. “अजून एकदा मारा.”