फाइल बघून वाढणारं प्रेशर

“अण्णा, तुमी आलाय न्हवं, आता चालतंय बगा,” शेवंताआक्का म्हणाल्या.

मी बटण दाबलं. मशीन चालू झालं. शुद्ध पाण्याची बारीक धार जारमध्ये पडू लागली. घड्याळ लावून मोजली. मिनिटाला चारशे मिली, म्हणजे तासाला चोवीस लिटर. कंपनीच्या कागदावर पंचवीस लिहिलंय. एक लिटर मी कंपनीला सोडून देतो.

हा माझा तिसरा फेरा होता. तिन्ही वेळा तक्रार एकच, मशीन बंद पडतंय. आणि तिन्ही वेळा माझ्यासमोर मशीन शहाण्यासारखं चालत होतं. दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे जावं आणि खुर्चीत बसल्यावर दाढ थांबावी, तसं.

मी बेळगावात पाणी शुद्ध करणाऱ्या मशीनच्या डीलरकडे नोकरी करतो. एकोणीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, पाणी तपासायचं, प्रेशर मोजायचं, कुठलं मशीन बसेल ते फॉर्मवर लिहायचं आणि खाली सही करायची, हे माझं काम. फॉर्मवर ‘अंदाजे’ हा शब्द मी आजवर लिहिलेला नाही.

शेवंताआक्का पिरनवाडीत खानावळ चालवतात. बाजूच्या कारखान्यातले कामगार जेवायला येतात. एका मुलींच्या होस्टेलनं त्यांना रोजच्या दुपारच्या जेवणाची ऑर्डर देऊ केली होती. अट एवढीच, जेवणाबरोबर चाळीस लिटर आरओचं पाणी पाहिजे. होस्टेलच्या मॅडम पुढच्या गुरुवारी स्वतः येऊन बघणार होत्या. आक्कांनी भाकऱ्या थापायला दोन बायका सांगून ठेवल्या होत्या, मोठं पातेलं आणलं होतं, आणि कामगारांना सांगून टाकलं होतं की एक तारखेपासून दुपारी साडेबाराच्या आत जेवून जायचं. आता माघार घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. उरलं होतं फक्त पाणी.

त्या गल्लीला बोअरचं पाणी येतं. वस्तीच्या उंच टाकीतून, सकाळी सात ते नऊ. मी टीडीएस मोजला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. नऊशे चाळीस निघाला. अशा पाण्यात डाळ शिजत नाही आणि पातेल्याला पांढरा थर बसतो. इथं साधा फिल्टर चालत नाही, आरओच लागतो.

आरओमध्ये एक पडदा असतो. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाणी दाबून ढकललं तरच पलीकडे जातं. ढकलायला मशीनमध्ये छोटा पंप असतो. पण त्या पंपालाही समोरून पाणी थोड्या जोरानं यावं लागतं, निदान पॉइंट तीन किलो. त्याच्या खाली गेलं की एक स्विच मशीन बंद करतो. नाहीतर पंप कोरडा फिरून जळेल. आता किलो म्हणजे काय, तर पाण्याची टाकी दहा मीटर उंच असली की खाली नळाला साधारण एक किलोचं प्रेशर मिळतं. प्रेशर कमी असलेल्या ठिकाणी मशीन थेट लायनीला जोडत नाहीत. आधी पाणी टाकीत साठवायचं, टाकीला वेगळा पंप लावायचा, मग मशीन. त्यात सामान वाढतं, जागा जाते. म्हणून आधी मोजायचं.

मी मोजलं होतं. वस्तीची टाकी बारा मीटर उंच, म्हणजे एक पॉइंट दोन किलो. पाइपातून येताना थोडं प्रेशर मरतं, ते पॉइंट तीन धरलं. उरले पॉइंट नऊ. गेज लावला. काटा बरोबर पॉइंट नऊवर. हिशेब आणि काटा असे जुळले की मला जेवण बरं जातं. मी फॉर्मवर लिहिलं, ‘थेट जोडणी चालेल. टाकीची गरज नाही.’ सही केली. दोन तासांत पन्नास लिटर, गरज चाळीस, दहा शिल्लक.

प्रत्यक्षात पहिल्या दिवशी अकरा लिटर पाणी निघालं. दुसऱ्या दिवशी नऊ.

दुकानात आमचे मालक बसूअण्णा माझे तिन्ही रिपोर्ट पुढ्यात घेऊन बसले होते. त्यांची घरची भाषा कन्नड. मराठीही बोलतात, आणि टोमणे मारायला तर त्यांना मराठीच सोयीची पडते.

“तिन्ही टायमाला पॉइंट नऊ?”

“हो.”

“आणि मशीन बंद.”

“मी निघून गेल्यावर बंद.”

त्यांनी चष्मा काढला. “मग मशीनसंगट तुम्हालाबी भिंतीला फिट करून देऊ या काय? नाष्टा आक्का देतील.”

मी हसलो नाही. दोन तासांत पन्नासऐवजी अकरा लिटर, हा हसण्याचा आकडा नाही. मी मशीन बदलून दिलं. नवंही तसंच वागलं. शेवटी गेज तिथंच लायनीवर ठेवला, आक्कांना काटा वाचायला शिकवलं आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहून ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आकडे सोडून त्यांनी बाकी सगळं नीट टिपलं होतं.

“काल तुमी निघालासा न्हवं, तुमची गाडी मारुतीच्या देवळाला वळंपर्यंत काटा उभा हुता. मग बसला. आज तर उठलाच न्हाय.”

“माझ्या गाडीचा काय संबंध आक्का?”

“ते तुमी सांगायचं. तुमी शिकल्याला मानूस.”

मी कागद घेऊन बसलो. टाकी लवकर रिकामी होत असेल का? पण मग रोज ठराविक वेळी व्हायला हवी. मी एकदा सव्वासातला गेलो होतो, एकदा आठला, एकदा सव्वाआठला. व्हॉल्व्हमध्ये कचरा? मग मी आल्यावर तो कचरा जातो कुठं? मला एकच गोष्ट सगळीकडे कॉमन दिसत होती, ती म्हणजे मी. हे मी कागदावर लिहिलं नाही.

रविवारी पिरनवाडीतच एका बारशाला जायचं होतं. मी पांढरा शर्ट घातला. एरवी कंपनीचा निळा शर्ट, छातीवर बिल्ला आणि हातात फाइल असते. माझी बायको नंदा टोपड्याची पिशवी घेऊन मागे बसली. पावणेआठ झाले होते. बारसं दहाला. मी म्हटलं, वाटेत आक्कांकडे काटा बघून जाऊ. नंदानं माझ्याकडे जसं बघितलं तसं ती नेहमीच बघते.

गल्लीत शिरलो आणि काहीतरी वेगळं वाटलं. गल्ली गुणगुणत होती. आधीच्या खेपांना मी आक्कांना म्हणालो होतो की तुमची गल्ली फार शांत आहे. आज प्रत्येक घरातून घुर्र असा एकसारखा आवाज येत होता. दारात कोणी माझ्याकडे बघितलंही नाही. मागे बायको आणि टोपड्याची पिशवी घेऊन आलेल्या माणसाकडे कोण बघणार?

आक्का आत भाकऱ्या थापत होत्या. मशीन बंद. मी गेजकडे गेलो. काटा शून्याला टेकलेला. शेजारचा नळ उघडला. पाणी नाही. नळाच्या तोंडावर तळहात ठेवला, तर नळानं तळहात आत ओढला. लायनीतून पाणी येत नव्हतं, उलट लायन आमच्याकडूनच ओढून घेत होती.

नंदा परसात गेली होती. कोपऱ्यात कोंबड्या झाकायचं डालगं उपडं होतं. त्यातून आवाज येत होता.

“आक्का, तुमच्या कोंबड्या घुरघुरतात वाटतं,” असं म्हणून तिनं डालगं उचललं.

खाली अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर. एक टोक थेट लायनीला, दुसरं टोक बॅरेलमध्ये. आणि तिचा जोड माझ्या मशीनच्या जोडाच्या चार फूट आधी.

“आक्का, हे काय?”

“मोटर हाय.”

“पहिल्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, लायनीवर मोटर आहे का म्हणून.”

“इचारलंतं की. पण तुमच्या हातात फाइल हुती.” त्यांनी हात पदराला पुसले. “फाइलवाल्याला कोन व्हय म्हनतंय?”

मग सगळं बाहेर आलं. लायनीला थेट मोटर लावायला बंदी आहे. ती बरोबरच आहे. मोटरनं ओढलं की शेवटच्या घराला पाणी पोचत नाही, आणि पाइपाला कुठं चीर असली तर गटाराचं पाणीही आत येतं. पण एकानं लावली, मग शेजाऱ्याला लावावी लागली, आणि आता गल्लीतल्या बावीस घरांत बावीस मोटरी होत्या. तपासणीला पंचायतीचा माणूस येतो म्हणून बायकांच्या हळदीकुंकवाच्या ग्रुपवर कोपऱ्यावरच्या घरानं एक मेसेज टाकायचा ठराव होता, ‘पाहुणं आल्यात’. मेसेज आला की मोटरी बंद. निळ्या शर्टातला, फाइलवाला मी गल्लीच्या तोंडाशी आलो की बावीस मोटरी एका मिनिटात बंद व्हायच्या, लायनीत भरपूर प्रेशर यायचं, आणि मी ते अचूक मोजून घ्यायचो. माझी गाडी देवळाला वळली की ‘पाहुणं गेलं’.

“पण आक्का, बाकीच्यांचं राहू द्या. तुमची मोटर तुमच्याच मशीनचं पाणी ओढत होती.”

“ती तर आमी बंद करत हुतो की. तुमी आल्यावर.” आक्कांना खरंच वाईट वाटलं होतं. “तुमच्या कामाला अडचन नको म्हनून.”

नंदा भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते.

गुरुवारला चार दिवस होते. बारशाला आम्ही साडेअकराला पोचलो. बाळाचं नाव ठेवून झालं होतं.

दुपारी दुकान उघडून बसूअण्णांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे गेज बरोबर, मशीनबी बरोबर. निवड चुकली.” मी म्हटलं, “सही माझी आहे.” तसं फॉर्मवर लिहून दिलं. ते म्हणाले, “बरं, आता टाकी घेऊन जावा.”

उपाय साधा होता, पहिल्याच दिवशी लिहायला हवा होता. अंगणात रस्त्यापेक्षा खाली खड्डा घ्यायचा आणि त्यात पाचशे लिटरची टाकी ठेवायची. गल्लीतल्या मोटरींची धांदल पहिल्या दीड तासात असते. बॅरेलं भरली की त्या बंद होतात आणि मग लायनीत पातळ धार येत राहते. तिला वर चढता येत नाही, पण खड्ड्यात आपोआप उतरता येतं. टाकीच्या पुढे छोटा पंप, पंपाच्या पुढे मशीन. आक्कांची मोटरही मी लायनीवरून काढून टाकीच्या पुढे लावली. स्वतःच्या टाकीतून पाणी ओढायला बंदी नाही. मोटर तीच, फक्त चार फूट सरकली आणि कायद्यात आली.

खड्ड्याचं काम सोमवारी सकाळी सुरू झालं. मी निळ्या शर्टात होतो. गल्ली चिडीचूप झाली. मला ती शांतता आता कळत होती. शेजारचे रामाआप्पा, वयानं सत्तरीचे, दारातून बराच वेळ बघत होते. शेवटी जवळ आले.

“सायेब, तुमी नक्की कुनाचे?”

“मी मशीनवाला आप्पा. पंचायतीचा नाही.”

त्यांनी आक्कांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मग पंधरा दिस झालं, तुमी आलं की आमी बॅरेल अर्धं टाकून पळतोय, ते कशापाई?”

ते घरात गेले आणि कुदळ घेऊन आले. त्यांच्यामागून आणखी तिघे आले. साडेतीन फुटांचा खड्डा दुपारपर्यंत तयार झाला. खोदताना त्यांनी मला जे ऐकवलं, ते इथं लिहीत नाही. एकानं विचारलं, त्याच्या घरी अशी टाकी बसेल का. संध्याकाळपर्यंत तिघांनी विचारलं. मी प्रत्येकाच्या अंगणाचं माप घेतलं.

गुरुवारी मॅडम आल्या. जारमध्ये बेचाळीस लिटर होतं. मी टीडीएस मोजून दाखवला, सत्तर. मशीन जितकं पाणी शुद्ध करतं त्याहून जास्त बाहेर टाकतं, त्याचं काय करता, असं त्यांनी विचारलं. प्रश्न चांगला होता. आक्कांनी दुसरं बॅरेल दाखवलं. ते पाणी भांड्यांना आणि अंगण धुवायला. मॅडमनी पेला भरून घेतला, सावकाश प्यायल्या, ताटातली आमटी चाखली आणि लगेच दुसरा पेला मागितला.

“पाणी ठीक आहे,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “एक तारखेपासून सुरू करा. फक्त आमटीत तिखट निम्मं.”

आक्कांनी मान डोलावली. मॅडम गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, “निम्मं तिखट टाकलं तर ती आमटी म्हनायची का?” पण ऑर्डर सुरू झाली, ती अजून चालू आहे. मुली तक्रार करत नाहीत. तिखट किती कमी केलं, ते मी मोजलेलं नाही.

माझी कामाची पद्धत थोडी बदलली. प्रेशर मोजायला आता मी साध्या शर्टात जातो आणि फाइल गाडीच्या डिकीत ठेवतो. गेल्या गेल्या गेज काढत नाही. चहा घेतो, घरच्यांची चौकशी करतो, वीस मिनिटं बसतो. तेवढ्यात गल्ली आपल्या कामाला लागते. मग मोजतो, आणि टाकी लागेल का ते ठरवतो. येणारा आकडा पूर्वीपेक्षा बराच कमी असतो, आणि मशीन चालतं.