उपासातली गोळी

रविवारी सकाळी रोह्याच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये पाऊल टाकलं, की आधी जाणवतो तो नुकत्याच पुसलेल्या फरशीचा गारवा, मग खोबरेल तेलाचा आणि मोगऱ्याचा वास. आणि वारा धाटावकडून असला, तर त्यात कारखान्यांचा उग्र दर्पही मिसळतो. लहानपणी मला वाटे, प्रार्थनेचा वास हाच.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. उपासनेला जो दिसला नाही, त्याच्या घरी कुणीतरी डोकावतं आणि मगच आपल्या घरी जेवायला बसतं. कॉलेजसाठी पेणला राहू लागल्यापासून मला यात उगाच चौकशी दिसू लागली होती. घरातून पदवीच्या वर्गात पोचलेली मी पहिलीच. विज्ञान शिकणाऱ्यानं श्रद्धेकडे जरा लांबूनच पाहावं, असं काहीसं मी ठरवून टाकलं होतं.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात, आंब्याचा मोहर गळून बारीक कैऱ्या दिसू लागल्या होत्या तेव्हा, आई सलग दोन रविवार चर्चला गेली नाही. बाबा गेल्यापासून ती एकटीच राहते. फोनवर म्हणाली, "बरी हाय मी, ऊन बाधलंय." पहिल्या रविवारी डोकावून गेलेल्यांनाही तिनं हेच सांगितलं होतं. मी ते मानलं. परीक्षा तोंडावर होती, मानणं सोयीचं होतं. दुसऱ्या रविवारी घरी आले, तरी तिला निजलेली पाहून मी पुस्तक उघडून बसले.

दुपारी, चर्चमध्ये तिच्या शेजारी बाकावर बसणारी रूथमावशी आली. आई उठून दारापर्यंत आली.

"बरी हायस, तर भिंत धरून का चालतेस गो?"

"उपास हाय. चक्कर यायचीच."

"आणि बीपीची गोळी?"

"ती सकाळी खाऊन घ्यायची असते. सकाळी खायचंच नाय, मग ठेवली ईस्टरपर्यंत बाजूला."

मावशीनं तिला हात धरून खाली बसवलं. मग म्हणाली, "देवानं जेवण सोडायला सांगितलं, जीव नाय! उपासच करायचाय तर तुझ्या मिश्रीचा कर." आणि माझ्याकडे वळून, "व्हय गो कॉलेजवाली, तुला आईच तेवढी दिसली नाय?"

मी पुस्तक मिटलं. मावशीनं पेज शिजवली, आईला भरवली, आणि आम्ही तिघी रिक्षानं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दंडाला पट्टा दोनदा बांधून पाहिला. अजून काही दिवस असेच गेले असते तर झटकाही आला असता, असं ते म्हणाले.

आईनं गोळी पुन्हा सुरू केली आणि मिश्रीची डबी मावशीच्या हाती दिली. रक्तदाब हळूहळू उतरला. तो गोळीनं उतरला, मिश्री सुटल्यानं, दर रविवारी चर्चपर्यंत चालण्यानं, की बाकावरची रिकामी जागा कुणाच्या तरी नजरेला टोचल्यानं, हे मला वेगवेगळं करता येत नाही. ज्या श्रद्धेनं तिची गोळी थांबवली, तिनंच मावशीलाही दारात आणून उभं केलं, हेही खरंच.

ईस्टरच्या पहाटे गीत लांबत गेलं. आई शेवटच्या कडव्यापर्यंत उभी होती, समोरच्या बाकाचा आधार न घेता. मी गात नव्हते, नुसती तिच्याकडे बघत होते. तिनं कोपरानं मला ढोसलं, "तोंड उघड गो." मी उघडलं. जो आवाज फुटला, तो विश्वासाचा होता की सुटकेचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.